तुमचे प्रश्न, जनावरांच्या डॉक्टरची उत्तरं: बोका, पूर आणि रविवारचा रस्सा

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मिळून इतके प्रश्न आलेत की सगळे घेणं शक्य नाही. पहिला प्रश्न ज्यांचा आहे त्यांना मी मेसेज आला त्याच दिवशी फोन केला होता, इथं छापतोय ते बाकीच्या बोकेवाल्यांसाठी.

आमचा तीन वर्षांचा बोका सकाळपासून सारखा त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय पण काहीच होत नाही. सासूबाई म्हणतात पोट कडक झालंय, एरंडेल पाजा. पाजू का? (राजारामपुरी)

नाही ताई, एरंडेल नको, रिक्षा बोलवा आणि आधी दवाखाना गाठा. संडास नाही, लघवी अडलेली असते बहुतेक वेळा. बोक्याची लघवीची नळी शेवटी शेवटी अगदी बारीक होत जाते, तिथं बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला की थेंबही बाहेर येत नाही, मूत्राशय फुगत राहतं, विष रक्तात चढतं, पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. हे सगळं एक-दोन दिवसांत होतं. खालच्या पोटाला हात लावलात तर लिंबाएवढा नाहीतर त्याहून मोठा कडक गोळा लागेल, तो दाबून लघवी काढायला मात्र जाऊ नका, फुटू शकतो. दवाखान्यात भूल देऊन नळी घालतात, सलाईन लावतात, वेळेत आणलेला बोका वाचतो. "रात्रभर बघू, सकाळी नेऊ" हे या आजारात चालत नाही, कारण सकाळी आणलेले बोके बऱ्याचदा थंड पडलेले असतात आणि त्या घरातल्या लोकांचं तोंड बघवत नाही.

बरा झाल्यावर नुसत्या कोरड्या दाण्यांवर ठेवू नका, ओलं खाणं वाढवा, पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त ठेवा. नळी एकदा अडली की पुन्हा अडू शकते, म्हणून पुढचे काही आठवडे तो ट्रेमध्ये किती वेळ बसतो याकडे लक्ष असू दे. मांजरीमध्ये (मादीत) हे कमी होतं, नळी रुंद असते तिची.

मांजरीचं अंग गरम लागतंय, लहान मुलांचं तापाचं सिरप दोन थेंब दिलं तर चालेल ना? (उचगाव)

अजिबात नाही. मांजराचं अंग आपल्या हाताला गरमच लागतं, तिचं नेहमीचं तापमान साधारण १०० ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आणि क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल, नाव कुठलंही असू दे, आत पॅरासिटामॉल आहे, ते मोडून काढायची यंत्रणा मांजराच्या लिव्हरमध्ये जवळजवळ नाहीच. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. रक्त तपकिरी पडतं, हिरड्या निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात. आधीच दिलं असेल तर लपवू नका, बाटली सोबत घेऊन पळा, लवकर पोचलात तर त्यावर उतारा आहे.

याच कारणानं फिनेलही मांजराला वाईट. फरशी पुसून झाली, ती वरून चालत गेली, बसून पंजे चाटले, संपलं. पातळ केलेलं ब्लीच वापरा, वरून साध्या पाण्यानं पुसा आणि फरशी वाळल्यावरच तिला सोडा.

आम्ही दुधाळीच्या बाजूला राहतो, २०१९ ला आणि २०२१ ला घर सोडून जावं लागलं. तेव्हा जनावरं नव्हती, आता एक देशी कुत्री आणि दोन मांजरं आहेत. काय तयारी ठेवू? (दुधाळी परिसर)

हा प्रश्न पाणी यायच्या आधी विचारलात ते फार बरं केलंत. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका हे आपल्याला पाठ आहे, तर घरातल्या जनावरांसाठी तयारी ३९ लाच झाली पाहिजे असं धरून चाला. ३९ म्हटलं की मांजरं घराबाहेर सोडणं बंद, एका खोलीत ठेवा. कारण घरात सामान हलायला लागलं, माणसं ओरडायला लागली की मांजर माळ्यावर नाहीतर कपाटामागं जाऊन बसतं आणि बोट दारात आली तरी सापडत नाही. पिंजरा किंवा कॅरियर आजपासूनच घरात उघडा ठेवा, आत जुनी चादर टाका, खाणं आतच द्या, म्हणजे त्या दिवशी ती स्वतःहून आत जातील. कॅरियर परवडत नसेल तर भाजीचे दोन प्लॅस्टिकचे क्रेट तोंडाला तोंड लावून दोरीनं बांधा, काम होतं. मांजर हातात धरून पाण्यातून न्यायचा विचारही करू नका, घाबरलेलं मांजर मालकालाही फाडतं.

कुत्रीच्या पट्ट्यावर तुमचा मोबाईल नंबर पक्क्या मार्करनं लिहा. लसीकरणाचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि त्याचा फोटो मोबाईलमध्ये. आठवडाभराचं खाणं, चालू असलेली औषधं, तिघांचे चांगले स्पष्ट फोटो (हरवली तर दाखवायला). पाहुण्यांकडे जाणार असाल तर जनावरं चालतील का हे आत्ताच विचारून ठेवा, ऐन वेळी दारात उभं राहून विचारायला लागू नये. आणि काहीही झालं तरी बांधलेलं जनावर मागं सोडू नका, अगदीच नेता येत नसेल तर साखळी काढा, दार उघडं ठेवा, वर चढायला वाट ठेवा. दोन्ही पुरांत आपल्याकडं दावणीला बांधलेली जनावरं बुडाली आहेत, ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

पाणी ओसरल्यावरचं काम वेगळंच. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत असतं आणि त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, पायाच्या जखमेतून, नाकातोंडातून जंतू आत जातात. कुत्रा जेवायचं सोडतो, ताप, उलट्या, नंतर डोळे आणि हिरड्या पिवळ्या, किडनी आणि लिव्हर दोन्ही जातात. त्या कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो, तेव्हा लघवी साफ करताना हातमोजे घाला. लस आहे, पण बाजारातल्या सगळ्या लसींमध्ये लेप्टो नसतो, तुमच्या पुस्तकातलं स्टिकर डॉक्टरांना दाखवून विचारा. पहिल्यांदा दोन डोस लागतात, दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं, मग दरवर्षी. म्हणजे पूर आल्यावर लस टोचून उपयोग नाही, मे महिन्यातच हिशोब बसला पाहिजे.

आणि साप. पाण्याबरोबर नाग, घोणस घरात येतात, कुत्री नाक घालायला जाते. तोंड किंवा पाय अचानक सुजला तर चिरा मारू नका, दोरी आवळून बांधू नका, तिला चालवू नका, उचलून न्या.

गोचिडांनी वैताग आणलाय. म्हशींना मारतो तेच औषध लॅब्रॉडॉरला मारलं, आता मांजरालाही मारू का? (गडहिंग्लज)

मांजराला नको दादा! गोठ्यातल्या फवारणीच्या औषधांमध्ये सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन असली द्रव्यं असतात, मांजराला त्यानं झटके येऊन ते मरतं. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं, तेही मांजराला विषच, आणि कुत्र्याला लावून मांजर त्याच्या अंगाला चिकटून झोपत असेल तर तेवढ्यानंही त्रास होतो. कुत्र्यालासुद्धा म्हशीच्या मापानं मारू नका, महिना किंवा तीन महिने चालणाऱ्या गोळ्या मिळतात, वजन करून डॉक्टरांकडून घ्या. रॉकेल, पेट्रोल तर कुणालाच नको.

कुत्र्यावरचे गोचीड काढून भागत नाही. मादी खाली उतरून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, म्हणून अंथरूण गरम पाण्यात धुवा, फटी सिमेंटनं भरा. अंगावरचा गोचीड चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा, बोटानं चिरडू नका. आणि कुत्रा मलूल, जेवत नाही, नाकातून रक्त किंवा लघवी चहासारखी, यातलं काहीही दिसलं तर टिक फिव्हर (गोचिडांमुळं होणारा ताप) समजून रक्त तपासा.

रविवारी मटण असतं, उरलेला तांबडा-पांढरा भातात कालवून शेरूला देतो, आवडीनं खातो. चालतंय न्हवं? (शिवाजी पेठ)

आवडीनं खातो म्हणून चालतंय असं नाही. कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, शिजवून, वाटून, तळून काही फरक पडत नाही, आणि लगेच काही दिसतही नाही, चार-पाच दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडलेल्या दिसतात. दर रविवारी थोडं थोडं तेही साचतं. वरून तर्री, त्या तेलानं स्वादुपिंडाला सूज येते, ते दुखणं फार वाईट. लोक म्हणतात मग अळणी देतो, पण आपल्या अळणीतही आलं-लसूण, मीठ जातंच की. मटण शिजत टाकायच्या आधीच दोन-चार तुकडे वेगळे काढा, नुसत्या पाण्यात शिजवा, भातात कालवा, शेरूचा रविवार तसाच राहील. शिजलेलं हाड मात्र कधीच नको, ते सुळ्यासारखं फुटतं आणि आतडं फाडतं. मनुके, चॉकलेट हेही बंद.

दोन महिन्यांचं पिल्लू आणलंय, रंकाळ्यावर फिरवू का?

अजून नको. पार्व्होचे (पिल्लांना उलट्या आणि रक्ताची हगवण लावणाऱ्या आजाराचे) जंतू मातीत कित्येक महिने टिकतात. लसीचा शेवटचा डोस चार महिन्यांच्या आसपास होतो, त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी खाली सोडा. तोपर्यंत कडेवर घेऊन न्या, माणसं, गाड्या, भेळेच्या गाडीचा आवाज सगळं बघू दे, तेही शिकणं गरजेचं आहे.

गणपतीच्या मिरवणुकीत आमची कुत्री पलंगाखाली थरथरत बसते, मागच्या वर्षी पळून गेली होती. झोपेची गोळी देऊ का? (महाद्वार रोडजवळ)

तुमच्याकडं तर मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यामुळं जमत असेल तर कुत्रीला दोन दिवस गावाबाहेर कुणाकडं तरी ठेवणं सगळ्यात उत्तम. नसेल जमत तर आतली खोली, खिडक्या बंद, पडदे, पंखा आणि टीव्ही चालू. फिरवून पहाटेच आणा, पट्टा घट्ट, नंबर लिहिलेला, दाराला आतून कडी. ती जवळ आली तर जवळ घ्या, धीर दिल्यानं भीती वाढते हा गैरसमज आहे.

औषधाचं म्हणाल तर घरातली माणसाची गोळी नको. काही जुन्या गोळ्यांनी कुत्री हलत नाही पण आतून तेवढीच घाबरलेली असते, ते जास्त क्रूर आहे. भीती कमी करणारी औषधं वेगळी असतात, आठ दिवस आधी दवाखान्यात जा, एक डोस आधी देऊन बघा. दिवाळीलाही तेच कामाला येईल.

मुलीला घरच्याच मांजराच्या पिल्लानं ओरबाडलं, थोडं रक्त आलं. पिल्लू घरातच असतं, हळद लावली. पुरेसं आहे ना? (फुलेवाडी)

पुरेसं नाही. मांजरापासूनही रेबीज होतो, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, म्हणून इथं मी कुणाचंही "घरचंच आहे" ऐकून घेत नाही. जखम वाहत्या नळाखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही, लावलेली हळद धुवून काढा. मग त्याच दिवशी सीपीआर (कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचा सरकारी दवाखाना. रक्त आलंय म्हणजे लसीबरोबर जखमेत सिरमचं (रेबीजविरुद्धच्या तयार अँटीबॉडीजचं) इंजेक्शनही लागेल, ते विचारून घ्या. लस दंडात घेतली तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी, कातडीत दिली तर ०, ३, ७, २८, एकही तारीख चुकवू नका, मुलीला बरं वाटतंय म्हणून मधेच थांबू नका. पिल्लावर दहा दिवस नजर ठेवायची असते, पण लस सुरू करायला ते दहा दिवस थांबायचं नाही. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्यालाही रेबीजची लस द्या, वर्षानं बूस्टर आणि पुढं डॉक्टर सांगतील तसं.