वर्णद्वेषावरचे चांगले इंग्लिश पिक्चर कोणते? सुरुवात कुठून करू?

स्पाइक लीच्या 'डू द राइट थिंग'पासून करा, १९८९ चा आहे पण जुना वाटत नाही. ब्रुकलिनमधली एक गल्ली, प्रचंड उकाडा आणि एक पिझ्झाचं दुकान, बस्स एवढ्यावर सगळा पिक्चर. दुकान इटालियन मालकाचं, गिऱ्हाईक बहुतेक काळे, आणि भिंतीवर फोटो मात्र फक्त इटालियन लोकांचे, वाद तिथून पेटतो आणि शेवटी पोलिसांच्या हातून एका काळ्या पोराचा गळा आवळून जीव जातो. चूक कोणाची ते डायरेक्टर सांगत बसत नाही, मला तेच आवडलं. आणि गंमत म्हणजे ऑस्करच्या बेस्ट पिक्चरसाठी याला साधं नॉमिनेशनही नव्हतं, त्या वर्षी जिंकला 'ड्रायव्हिंग मिस डेझी', गोरी म्हातारी आणि तिचा काळा ड्रायव्हर!

मग १९६७ चा 'इन द हीट ऑफ द नाइट' बघा, त्यात गोरा जमीनदार काळ्या डिटेक्टिव्हला (सिडनी पॉइटिये) थोबाडीत मारतो आणि तो लगेच उलटी ठेवून देतो, त्या काळात हे दाखवायला दम लागत होता राव. गुलामगिरीवरचा 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' (२०१३) भारी आहे पण मन घट्ट करून बघा, जेवताना तर नकोच. 'ग्रीन बुक' नाही बघितला तरी चालेल.