वस्तऱ्याचा जुना दगड : ओळख आणि दुरुस्ती

प्रश्न : जुन्या सामानात वस्तऱ्याला धार लावण्याचा एक दगड मिळाला. तेलाने तो काळा पडला असून मध्ये खोलगट झाला आहे. कडेने पाहता वरचा थर पिवळसर आणि खालचा जांभळट दिसतो. हा नैसर्गिक दगड कोणता असावा आणि तो पुन्हा वापरात कसा आणावा?

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा बेल्जियममधील आर्डेन भागातला ‘कोटिक्युल’ असण्याची शक्यता बरीच आहे. त्याच्या पिवळ्या थरातील गार्नेट या कठीण खनिजाचे अतिसूक्ष्म कण पोलाद कातरतात. हा थर ठिसूळ असल्यामुळे त्याला आधार म्हणून पाटीचा दगड ठेवला जाई. कधी तो खाणीतूनच जोडलेला निघे, तर कधी मागाहून चिकटवला जाई. सांध्याची रेघ नागमोडी असून रंग एकमेकांत मिसळलेले असतील, तर जोड निसर्गाचा. रेघ सरळ आणि सारख्या जाडीची असेल, तर ती बहुधा सरसाची. चिकटवलेला दगड खोटा समजण्याचे मात्र कारण नाही.

तथापि निव्वळ रंगावरून नाव ठरवू नये, कारण दुरंगी कृत्रिम दगडही विकले जात. दहापट भिंगाखाली सर्वत्र सारखे दाणे आणि बारीक हवेची छिद्रे दिसली, तर दगड कारखान्यातला समजावा. पिवळ्या भागावर थोडे पाणी घालून तशाच बारीक दगडाने घासल्यास कोटिक्युलचा गाळ दुधाळ निघतो, तर खालच्या थराचा जांभळट. विशिष्ट गुरुत्व (दगड तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा किती पट जड आहे, तो आकडा) काढण्याचा उपाय अनेक जण सुचवतात : कोरड्या दगडाचे वजन करावे, मग पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा, दगड दोऱ्याने तळाला न टेकवता पूर्ण बुडवावा आणि मूळ वजनाला या नव्या आकड्याने भागावे. वस्तऱ्यासाठीच वापरला जाणारा जर्मनीच्या थुरिंगिया भागातील पाटीचा दगड साधारण 2.7 ते 2.8 दाखवतो, तर गार्नेटमुळे कोटिक्युल त्याहून जड भरतो. आपल्या दगडात मात्र दोन थरांची सरासरी येईल, म्हणून या आकड्यावर फार विसंबू नये.

कागदी लेबल शिल्लक असेल तर आधी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि ती बाजू कोरडी ठेवावी. ओळखीचा त्याहून चांगला पुरावा नाही. तेल काढण्यासाठी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश पुरतो. चिवट थर रॉकेलच्या बोळ्याने सुटतो. दगड उकळू नये, कारण उष्णतेने सरस सुटतो आणि थर तडकू शकतात. आम्लही वापरू नये.

सपाट करण्यापूर्वी पिवळा थर सर्वांत पातळ कोठे आहे, ते कडेने मोजावे. तो दोन-तीन मिलिमीटरच उरला असेल, तर संपूर्ण खोलगटपणा घालवण्याच्या नादात तोच संपेल. त्यापेक्षा थोडी खोली राहू द्यावी, असे माझे मत आहे. थर पुरेसा असल्यास जाड काचेवर 220 क्रमांकाचा वॉटर पेपर (पाण्यात वापरायचा घासकागद; क्रमांक जितका मोठा तितका बारीक) पसरून, दगडावर पेन्सिलीच्या आडव्या-उभ्या रेघा मारून, भरपूर पाण्यात घासावे आणि सर्व रेघा पुसल्या गेल्यावर 400, 600 व 1000 असे चढत जावे. कोरडे घासणे टाळावे, कारण दगडाची सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांना घातक असते. शेवटी चारही कडा किंचित गोल कराव्यात, नाहीतर वस्तऱ्याचे पाते कडेला अडकून धारेला खाच पडते. पहिली चाचणी एखाद्या साध्या वस्तऱ्यावर घ्यावी.