जेटी म्हणते इनव्हॅलिड एसएनआय, सर्टिफिकेट तर बरोबर आहे!

प्रश्न: भाऊ, कळमना मार्केटमध्ये आमच्या भाऊजींची संत्र्याची अडत आहे, त्यांच्यासाठी मी जावात छोटा प्रोग्राम बनवून राहिलो, आत जेटी १० (जावाचा वेब सर्व्हर) बसवली आहे. ८०८० पोर्टवर एचटीटीपी मस्त चालते, पण काट्याच्या पावतीचा फोटो घ्यायचा तर मोबाईलचा ब्राउझर साध्या एचटीटीपीवर पेजला कॅमेराच देत नाही, म्हणून ८४४३ वर एचटीटीपीएस लावलं. आता मोबाईलवर त्या कॉम्प्युटरचा आयपी १९२.१६८.१.२० टाकला की ४०० एरर येते, इनव्हॅलिड एसएनआय. अन ८०८० वरून इकडे वळवायला सिक्युअर्डरिडायरेक्टहँडलर लावला तर ४०३. सर्टिफिकेट तीनदा बनवून झालं, काय करू?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: चौथ्यांदा बनवायच्या आधी थांबा जरा.

४०३ चं पहिले सांगतो, ते दोन मिनिटांचं आहे. त्या पानावर बारीक अक्षरात सिक्युअरपोर्ट कॉन्फिगर नाही असं लिहिलेलं असते, पण ४०३ दिसला की पुढचं कोण वाचते! सेटसिक्युअरपोर्ट ८४४३ ही ओळ तुम्ही बहुतेक एचटीटीपीएसच्या कॉन्फिगरेशनमध्ये टाकली असेल, ती पाहिजे ८०८० वाल्यात, कारण कुठं पाठवायचं हे त्यालाच माहीत पाहिजे ना. मग त्याच एचटीटीपीकॉन्फिगरेशनची कॉपी काढा, कॉपीत सिक्युअररिक्वेस्टकस्टमायझर (एचटीटीपीएसवर आलेली रिक्वेस्ट पाहणारा जेटीचा भाग) जोडा अन ती ८४४३ च्या कनेक्टरला, म्हणजे तो पोर्ट सांभाळणाऱ्या भागाला द्या. रिडायरेक्टचा हँडलर तुमच्या ॲपच्या आधी लावा, मागे लावला तर ॲपच उत्तर देऊन मोकळं होते.

आता एसएनआय. ब्राउझर टीएलएस (एचटीटीपीएसमागचं सुरक्षित कनेक्शन) जोडतानाच सांगतो की मला अमुक नावाचा सर्व्हर पाहिजे, तेच एसएनआय, अन त्यात आयपी ॲड्रेस पाठवताच येत नाही, फक्त नाव चालते. जेटी १० मध्ये तो कस्टमायझर मागितलेला होस्ट (ब्राउझरमध्ये टाकलेला पत्ता) अन सर्टिफिकेट जुळते का हे आपणहून तपासतो, तुमचा आयपी जुळत नाही म्हणून ४००; ९ मध्ये ही तपासणी इतकी कडक नव्हती, म्हणून नेटवरचा जुना कोड जसाच्या तसा उचलला की हाच फटका बसते (मी पण एक अख्खा रविवार यातच घालवला, तोही मे महिन्यात, कूलर बंद असताना).

तुमच्या राउटरमध्ये लोकल नाव द्यायची सोय असेल तर त्या कॉम्प्युटरला अडत डॉट लॅन असं काही नाव द्या, अन कीटूलनं (जावासोबत येणारं सर्टिफिकेट बनवायचं टूल) सर्टिफिकेट बनवताना तेच नाव सॅनमध्ये (सर्टिफिकेटमधली नावांची यादी) टाका, नुसतं सीएनमध्ये (नावाचा जुना रकाना) टाकून क्रोम मानत नाही, २०१७ पासूनच नाही. मग मोबाईलवर नावानंच उघडायचं. हो, म्हणजे सर्टिफिकेट चौथ्यांदा बनवावंच लागेल, पण यावेळी कशासाठी ते माहीत राहील.

राउटर जुनाट असेल तर कस्टमायझर बनवताना फॉल्स द्या, होस्टची तपासणी बंद होते. दुकानातल्या वायफायपुरतं मला ते चालते, पण उद्या भाऊजी म्हणाले की घरून पण दिसलं पाहिजे, तर बाहेर उघडायच्या आधी तो फॉल्स काढा.