हेतू वाईट नसला तरी तो भेदभाव ठरतो का?

तुम्ही लिहिलंय की दोन्ही कानांना मशीन आहे, टीम लीड माणूस चांगला, पण सगळं काम फोनवर सांगतो आणि आता अप्रेझलमध्ये 'कम्युनिकेशन कमी' असा शेरा आलाय. त्याच्या मनात काही नसेल तर कायदा काही म्हणतो का?

म्हणतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधली भेदभावाची व्याख्या 'उद्देश किंवा परिणाम' अशी आहे. मनात काहीही असो, तुमचा हक्क मारला गेला का, ते बघायचं. वाजवी सोय, म्हणजे दिव्यांगाला इतरांसारखं काम करता यावं म्हणून लागणारा, कंपनीला झेपेल असा बदल, नाकारणं हाही त्यात भेदभावच. लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या खटल्यात (2021) सुप्रीम कोर्टानेही हेच धरलं: निकष सगळ्यांना सारखा, फटका मात्र एकाच गटाला, तर तोही भेदभावच.

माझं सांगतो. पायाला कॅलिपर, ऑफिस महापेला. लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंत, कॅन्टीन गच्चीवर. साडेचारला सगळे चहाला वर जायचे आणि खाली येईपर्यंत पुढच्या आठवड्याची कामं वाटून झालेली असायची. मला उरलंसुरलं. बरं, माझं कटिंग न विसरता खाली आणायचे! रागावणार तरी कोणावर? शेवटी चार ओळींचा मेल टाकला: कामवाटप सातव्यावरच करूया. सोमवारपासून सुरू. साहेब म्हणाले, "अरे, आधी बोलायचंस ना."

मी दोनदा बोललो होतो. म्हणून तुम्ही मेलच करा, आणि मागणी नेमकी ठेवा: फोननंतर दोन ओळी लिहून पाठवा, ऑनलाइन मीटिंगला कॅप्शन लावा. अप्रेझलच्या शेऱ्याखाली 'असहमत' आणि कारण तिथेच लिहा. 20 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीच्या समान संधी धोरणात दिव्यांगांसाठीच्या सोयी आणि लायझन ऑफिसरची (दिव्यांगांची भरती आणि सोयी बघणारा अधिकारी) नेमणूक लिहिलेली असावी लागते. एचआरकडे त्याची प्रत मागा. आमच्या एचआर मॅडमनी असं काही असतं हे माझ्याकडूनच ऐकलं.

तरी हललं नाही, तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. मात्र फार मोठी आशा धरू नका. नोकरीतल्या भेदभावाचं कलम 20 थेट सरकारी आस्थापनांपुरतं आहे, आयुक्त शिफारस करतात, आणि कायदा मोडल्याचा पहिला दंड 10 हजारांपर्यंतच.

युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर आधी ते काढा. दोन्ही कानांत 60 डेसिबल किंवा जास्त दोष असेल तर या कायद्याच्या यादीतल्या श्रवणदोषात बसता, तेव्हा जुना ऑडिओग्राम (कानाच्या तपासणीचा रिपोर्ट) शोधून ठेवा.