‘राणी म्हणाली’ की ‘राणी म्हणाल्या’?

प्रश्न असा आहे: ‘द क्राउन’ मालिकेवर लिहिताना दुसऱ्या एलिझाबेथबद्दल ‘राणी म्हणाली’ लिहायचं की ‘राणी म्हणाल्या’? त्यालाच जोडून: अभिनेत्रीने राणी ‘साकारली’, ‘वठवली’ की ‘रंगवली’?

माझा कौल आधी सांगतो. पात्र असेल तर एकवचन, व्यक्ती असेल तर आदरार्थी बहुवचन. ‘१९५३ साली राणींचा राज्याभिषेक झाला’, पण ‘क्लेअर फॉयची राणी बुजरी वाटते’. दुसऱ्या वाक्यात सगळी करामत त्या ‘ची’ची आहे. षष्ठीचा प्रत्यय लागला की राणी त्या नटीची होते, देशाची राहत नाही. ‘क्लेअर फॉयच्या राणी बुजऱ्या वाटतात’ असं म्हणून बघा, फॉयबाईंच्या पदरी दोन-तीन राण्या असाव्यात असं वाटतं.

व्यक्ती आणि पात्र यांच्यातली ही भिंत खुद्द ब्रिटनमध्ये फार काळ पक्की होती. नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारातल्या बड्या अधिकाऱ्याच्या कचेरीतून मंजूर करून घ्यावी लागे आणि राजघराण्यातल्या माणसांना रंगमंचावर आणण्याबाबत तिथे फार सोवळं होतं. व्हिक्टोरिया १९०१ साली वारली, तरी तिच्यावरचं लॉरेन्स हाउसमनचं नाटक लंडनमध्ये जाहीरपणे व्हायला १९३७ उजाडलं. नाटकांवरची ही सेन्सॉरशिप १९६८च्या कायद्याने गेली. पुढे १९८८ साली नॅशनल थिएटरमध्ये अ‍ॅलन बेनेटच्या एकांकिकेत प्रुनेला स्केल्स राणी होऊन उभी राहिली, तेव्हा खरी राणी गादीवर होती. गंमत म्हणजे संहितेत त्या पात्राचं नाव ‘एलिझाबेथ’ असं नाही, ‘एचएमक्यू’ (हर मॅजेस्टी द क्वीन) अशी आद्याक्षरं आहेत. पात्र झालं तरी ‘हर मॅजेस्टी’ सुटलेलं नाही! म्हणजे तुम्हाला पडलेला पेच त्यांनाही होता, फक्त त्यांच्या क्रियापदाला तो दाखवता येत नाही.

आता नियम कुठे अडखळतो ते पाहू. २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात दाखवलेली चित्रफीत आठवा. डॅनियल क्रेग जेम्स बाँड म्हणून बकिंगहॅम राजवाड्यात येतो. टेबलाशी पाठमोऱ्या बसलेल्या बाई वळतात, आणि त्या खऱ्याच एलिझाबेथ निघतात. इथे मी ‘राणींनी स्वतःची भूमिका केली’ असंच लिहीन. पुढे मात्र हेलिकॉप्टरमधून पॅराशूट घेऊन उडी मारते ती ‘राणी’, एकवचनी. तो तर गॅरी कॉनरी हा स्टंट करणारा पुरुष होता, राणीसारखाच झगा घातलेला. एकाच चित्रफितीत ‘वळल्या’ आणि ‘उडी मारली तिने’ अशी दोन्ही रूपं शेजारी-शेजारी येतात आणि दोन्ही बरोबर आहेत.

कोणी म्हणेल, मग शिवाजी महाराजांवरच्या नाटकात आपण ‘महाराज म्हणतात’च का म्हणतो, तिथेही पात्रच असतं की. आक्षेप रास्त आहे. तिथे नट कोणीही असो, आदर नटावरून आरपार मूळ व्यक्तीला पोचतो. परक्या देशाच्या राणीशी आपलं तसं नातं नाही. व्हिक्टोरियाच्या वेळी ती आपल्यावरही राज्य करत होती, तरी मराठीने ‘राणीचा जाहीरनामा’ आणि ‘राणीछाप रुपया’ असं एकेरीतच रुळवलं. त्यामुळे माझा वरचा नियम म्हणजे पाणिनीचं सूत्र नव्हे, सोय आहे.

अंकाचं काय, हेही कुणीतरी विचारेलच. ‘दुसरा बाजीराव’, ‘सातवा एडवर्ड’ या चालीवर ‘दुसरी एलिझाबेथ’ हेच मराठी वळण. फक्त ‘द क्राउन’बद्दल लिहिताना जपा. तिथे क्लेअर फॉयनंतर ऑलिव्हिया कोलमन आणि मग इमेल्डा स्टाँटन अशी पात्रबदली झाली, त्यामुळे ‘मालिकेतली दुसरी एलिझाबेथ’ म्हणजे कोलमन, असाही अर्थ निघतो. हेलन मिरेनबाबत तर आणखी मजा: तिने २००५च्या एका दूरदर्शन मालिकेत पहिली एलिझाबेथ केली आणि २००६च्या ‘द क्वीन’ चित्रपटात दुसरी. ऑस्कर मिळालं दुसरीला.

राहिली क्रियापदं. ‘साकारणे’ मुळात ‘स्वप्न साकारलं’ असं अकर्मक चालणारं. ‘राणी साकारली’ हा नंतरचा सकर्मक वापर आहे. आता तो इतका रुजलाय की अडवण्यात अर्थ नाही. पण ‘राणीला साकारलं’ नको, तिथला ‘ला’ अगदीच उपरा वाटतो. ‘वठवली’मध्ये शाबासकी आहे: भूमिका जमली असं तुमचं मत असेल तरच लिहा. ‘रंगवली’त थोडा भडकपणा येतो, काही वेळा तोच हवा असतो. आणि १९८४ साली सुरू झालेल्या ‘स्पिटिंग इमेज’ या विडंबन-मालिकेतल्या रबरी चेहऱ्याच्या बाहुलीराणीला यातलं एकही क्रियापद देऊ नका. तिथे आपला जुना शब्द चपखल बसतो: राणीचं ‘सोंग आणलं’.