लहान मुलीचा गुडघा सतत सुजत असेल, तर कोणाला दाखवावे?

आपल्या साडेचार वर्षांच्या मुलीचा एक गुडघा दोन महिन्यांपासून सुजलेला आहे, ती सकाळी लंगडते, आरए फॅक्टर (संधिवातासाठी करतात ती रक्ततपासणी) निगेटिव्ह आला आहे आणि डॉक्टर याला वाढीचे दुखणे म्हणतात, असे आपण लिहिले आहे. हे वाढीचे दुखणे नव्हे. ते दुखणे संध्याकाळी किंवा रात्री, बहुधा दोन्ही पायांच्या पोटऱ्यांत आणि मांड्यांत होते. त्यात सांधा सुजत नाही आणि सकाळी मूल ठणठणीत असते. १६ वर्षांच्या आत सुरू होऊन ६ आठवडे टिकलेली सांधेसूज बालसंधिवाततज्ज्ञालाच दाखवावी. हा लहान मुलांचा संधिवात असू शकतो आणि आरए फॅक्टर या आजाराच्या बहुतेक मुलांत निगेटिव्हच असतो.

माझी मुलगी आपल्या मुलीएवढीच असताना आम्ही सातारा जिल्ह्यात राहत होतो. सकाळी तिचा पाय सरळ होत नसे. मी शेक देऊन तो मोकळा करी आणि दहा वाजेपर्यंत ती अंगणात खेळू लागे, त्यामुळे तिला खरोखरच दुखते यावर घरात कोणाचा विश्वास बसत नसे. तेथील एका डॉक्टरांनी रक्तातील एएसओ वाढलेला पाहून रुमॅटिक फिव्हरचे (स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूच्या घशातील संसर्गानंतर होणाऱ्या, सांधे आणि हृदयाला बाधणाऱ्या आजाराचे) निदान केले आणि दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन सुरू केले. एएसओ वाढणे म्हणजे स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग होऊन गेला, एवढेच. रुमॅटिक फिव्हरचे दुखणे काही दिवसांत एका सांध्यावरून दुसऱ्यावर सरकते. मी मात्र प्रत्येक भेटीत तोच गुडघा दाखवत होते. अखेर पुण्यातील बालसंधिवाततज्ज्ञांनी तिचे दोन्ही पाय मोजले, तेव्हा सुजलेल्या बाजूचा पाय लांब भरला, कारण सुजलेल्या गुडघ्याजवळचे हाड अधिक वेगाने वाढते. त्यांनी मुलांच्या संधिवाताचे निदान केले. या आजारात डोळ्याच्या आतही सूज येऊ शकते, म्हणून त्यांनी लगेच नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले आणि स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या यंत्राखाली डाव्या डोळ्याच्या आत सूज दिसली. डोळा लाल नव्हता आणि तिने कधी तक्रारही केली नव्हती. या सुजेने दृष्टी जाऊ शकते, म्हणून आपल्या मुलीची ही तपासणी गुडघ्याच्या निदानाची वाट न पाहता करून घ्या.

पुढे मेथोट्रेक्सेट सुरू करायचे ठरले, तेव्हा माझे थोरले दीर सर्वांसमोर म्हणाले की हे कॅन्सरचे औषध आहे आणि आम्ही पोरीचे वाटोळे करत आहोत; आजही लग्नकार्यात भेटले की ते तेच म्हणतात. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच देतात, मात्रा कॅन्सरच्या उपचारांतील मात्रेच्या तुलनेत फार कमी असते, सोबत फॉलिक अ‍ॅसिड असते आणि रक्ताची व यकृताची तपासणी ठरावीक काळाने होते. ज्यांनी त्या मुलीला सकाळी जिन्यावर बसून पायरी पायरीने घसरत उतरताना पाहिले नाही, त्यांनी या औषधाला विष म्हणू नये. आपल्याही घरी कोणी असे म्हणेल; त्यांना पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोर घेऊन जा.

गुडघ्याचा क्षय आणि रक्ताचा कर्करोगही कधी कधी सांधेदुखीनेच सुरू होतात, त्यामुळे निदान होण्याआधी स्टेरॉइडच्या गोळ्या देऊ नयेत. ताप येऊन मूल अचानक पाय टेकवेनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ज्या मुलांना खरोखर रुमॅटिक फिव्हर आहे, त्यांच्या पालकांनी माझे वाचून पेनिसिलीन थांबवू नये. ते त्यांच्या हृदयाच्या झडपा वाचवते.