शाळा कुठे, घर कुठे, प्रवेश कुठल्या कोट्यातून? वाचकांचे प्रश्न

दहावीचा निकाल लागला की सिंधुदुर्गापासून रायगडापर्यंत पालकांची पत्रं येऊ लागतात. सगळ्यांच्या मुळाशी एकच शंका असते: आमचं गाव इथलं, मग मूल दुसरीकडे शिकलं तर काही अडतं का? कुठे अडतं, कुठे अजिबात नाही. यंदा निवडलेले प्रश्न याच विषयाचे आहेत.

प्रश्न : आम्ही बांद्याचे. मुलीची दहावी इथेच झाली. अकरावी-बारावी गोव्यात म्हापशाला करायची, रोज बसने ये-जा. घर, रेशनकार्ड, आधार सगळं महाराष्ट्राचं. ती मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा देणार आहे. चालेल ना?

एमबीबीएससाठी नाही चालणार. अकरावीचा फॉर्म भरण्याआधी विचारलंत हे फार चांगलं झालं, कारण बारावी झाल्यावर यावर इलाज उरत नाही.

महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या ८५ टक्के जागा राज्य कोट्याच्या असतात. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: दहावी महाराष्ट्रातल्या शाळेतून, बारावी महाराष्ट्रातल्या कॉलेजातून आणि महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र. यातली एक गेली की कोटा गेला. नीटचे मार्क कितीही असोत, म्हापशाची बारावी असेल तर मुलगी या कोट्याबाहेर. उरतात देशपातळीवरच्या १५ टक्के जागा आणि खासगी कॉलेजांतला संस्थास्तरीय कोटा. त्याची फी सर्वसाधारण घराला झेपणारी नसते. गोव्याच्या राज्य कोट्याला तिथल्या वास्तव्याची अट आहे, ती बांद्यात राहून पुरी होत नाही. म्हणजे मूल दोन्ही राज्यांच्या मधे लटकतं. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या पालकांनी हे आधीच ओळखून ठेवायला हवं.

पाहिलं जातं ते शाळेचं ठिकाण, बोर्ड नव्हे. सावंतवाडीतली सीबीएसई शाळा चालते, गोव्याच्या पेडण्यातली चालत नाही.

इंजिनिअरिंगचं गणित वेगळं. तिथे दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रात झालेला, आणि महाराष्ट्रात जन्मलेला किंवा इथला अधिवास असलेला विद्यार्थी 'टाइप ए'मध्ये येतो. त्यात न बसणारा, पण स्वतःचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा अधिवास महाराष्ट्रातला असेल तर 'टाइप बी'. तुमची मुलगी बी टाइपमधून राज्याच्या जागांना पात्र राहील, अधिवास प्रमाणपत्र मात्र हातात हवं.

एनआयटीत, म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत, तर उलटंच. इंजिनिअरिंगच्या जेईई परीक्षेनंतरच्या प्रवेशात बारावी ज्या राज्यातून पास केली तेच 'होम स्टेट', घराचा पत्ता बघतच नाहीत. गोव्यातून बारावी केली तर नागपूरच्या व्हीएनआयटीत ती बाहेरच्या राज्याची आणि एनआयटी गोव्यात घरची. त्यामुळे आधी घरात बसून ठरवा, लक्ष्य नीट की जेईई. नीट असेल तर बारावी बांदा-सावंतवाडीतच करा.

प्रश्न : दापोलीहून. मुलाला नीटच्या क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवतोय. क्लासवाले म्हणतात, नाव तिथल्याच एखाद्या शाळेत घालू. लातूरचाही पर्याय आहे. भावाचा मुलगा इंजिनिअरिंगसाठी कोल्हापूरला जातोय.

नाव राजस्थानातल्या शाळेत गेलं की बारावी राजस्थानची झाली. दापोलीत पिढ्यान्‌पिढ्या घर असलं तरी ८५ टक्क्यांतून मुलगा बाहेर. शिवाय सीबीएसईत ७५ टक्के हजेरी सक्तीची आहे. नावापुरत्या शाळेत हजेरी पकडली गेली तर परीक्षाच धोक्यात येते. क्लासच्या माहितीपत्रकात हे छापलेलं नसतं, पालकांनीच विचारायचं असतं. लातूरला नीटसाठी काहीच अडचण नाही, ते महाराष्ट्रातच आहे.

पुतण्याने मात्र 'होम युनिव्हर्सिटी', म्हणजे जागावाटपात आपलं धरलं जाणारं विद्यापीठ, समजून घ्यावी. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सात जिल्हे मुंबई विद्यापीठाचे. ए टाइपच्या विद्यार्थ्याचं होम विद्यापीठ बारावी जिथे केली त्यावरून ठरतं: कोल्हापूरला केली तर शिवाजी विद्यापीठ, लातूरला केली तर नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ. २०२५-२६च्या प्रवेशांपर्यंत अनेक कॉलेजांत राज्याच्या जागा ७० टक्के होम आणि ३० टक्के बाहेरच्या विद्यापीठांसाठी अशा वाटलेल्या होत्या. कट-ऑफच्या यादीत खुल्या वर्गाच्या 'जीओपन'पुढचं एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरचं, एस म्हणजे राज्यस्तर. आपलं नसलेलं अक्षर वाचून खूश किंवा नाराज होण्याची चूक फार मुलं करतात. ही वाटणी सरकार बदलू शकतं, तेव्हा प्रवेशाच्या वर्षीची माहिती पुस्तिकाच प्रमाण मानावी.

आणखी एक गोंधळ: रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं बोर्ड कोकण विभागीय मंडळ आहे, रायगडाचं मुंबई. याचा विद्यापीठाशी संबंध नाही.

प्रश्न : अलिबागहून. तलाठ्याचा रहिवासी दाखला आहे, तो पुरेल का? अधिवासाचा अर्ज एकदा परत आला.

रहिवासी दाखला पुरत नाही. लागतं ते 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र', त्यासाठी राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. अर्ज आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून. सोबत जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड, लाइटबिल जोडा. वडिलांचं किंवा आईचं अधिवास प्रमाणपत्र असेल तर तेही, त्याने काम हलकं होतं.

अर्ज परत येतात ते बहुतेक नावामुळे. जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेत दुसरं, आधारवर आडनावाचं स्पेलिंग तिसरं. आधी हे जुळवा. दुसरं कारण, मधल्या वर्षांचा पुरावा नसणं: मूल दोन वर्षं परराज्यात शिकलं असेल तर त्या काळातलं इथलं घर दाखवणारे कागद हवेत. तिसरं, मोबाइलवर घाईने काढलेले अंधुक फोटो. सरळ स्कॅन करा. प्रतिज्ञापत्रासाठी कुणी ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर मागितला तर देऊ नका, अशा दाखल्यांसाठी ती सक्ती मार्च २०२५मध्ये काढली आहे. दाखला मिळण्याची मुदत १५ दिवसांची असते, पण जून-जुलैत झुंबड उडते. बारावीच्या दिवाळीत अर्ज करा.

प्रश्न : सिंधुदुर्ग, रत्नागिरी, अलिबागच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत स्थानिकांना प्राधान्य आहे का?

नाही. मेडिकलमधली विभागवार ७०-३०ची वाटणी २०२०मध्ये रद्द झाली. सिंधुदुर्गातल्या ओरोसची जागा गडचिरोलीचा मुलगाही घेऊ शकतो आणि मालवणची मुलगी नागपूरला जाऊ शकते. पसंतीक्रम भरताना जवळचं कॉलेज आपलंच असं धरून चालू नका.

प्रश्न : एमबीबीएस पुरं होतंय. एमडीला महाराष्ट्राच्या अधिवासाचा फायदा मिळेल?

सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५च्या निकालात पदव्युत्तर मेडिकलमधलं अधिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. संस्थेच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना ठराविक प्रमाणात प्राधान्य चालतं. म्हणजे एमबीबीएस कुठल्या कॉलेजातून केलं, हे आता घराच्या पत्त्यापेक्षा मोलाचं.

प्रश्न : मी मस्कतला नोकरीला, घर गुहागरला. मुलगी मस्कतलाच दहावीत आहे. अकरावीला परत आणू का?

एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी उशीर झाला, कारण दहावीही महाराष्ट्रातली लागते. यातून सूट आहे ती मुख्यतः बदलीवरच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना, खासगी नोकरीतल्यांना नाही. धाकटं भावंड असेल तर त्याला दहावीच्या आत आणा. इंजिनिअरिंगला तुमच्या अधिवासावर बी टाइप मिळेल. बारावीही मस्कतला केली तर एनआयटीसाठी तिचं राज्य पासपोर्टवरच्या कायमच्या पत्त्यावरून ठरतं, तिथे गुहागर आहे ना ते आजच बघा. आखातात नोकरी करणाऱ्यांच्या मुलांसाठी एनआयटीत वेगळी योजनाही आहे, तिचा अर्ज स्वतंत्र असतो.

प्रश्न : वेंगुर्ल्याचा आहे, नोकरी गोव्यात. बाहेरच्या राज्यातल्या विद्यापीठातून घरबसल्या पदवी घेता येईल?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२०च्या नियमांप्रमाणे राज्य विद्यापीठाला दूरशिक्षण फक्त आपल्या कार्यक्षेत्रात देता येतं. 'आमचं केंद्र तुमच्या तालुक्यात आहे' असं परराज्यातल्या विद्यापीठाच्या नावाने कुणी सांगत असेल तर पैसे भरू नका. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमाला ही हद्द नाही, पण त्या विद्यापीठाला त्याच अभ्यासक्रमाची त्या वर्षाची मान्यता आहे का, हे यूजीसीच्या यादीत नाव शोधून बघा. प्रवेश त्यानंतर.